बाऊल की बोका? आधी शेपूट बघा

ऊसतोड सुरू झाली की माझ्या फोनवर मांजरांचे फोटो यायला लागतात. आमच्याकडे घोडनदीच्या दोन्ही काठांना ऊसच ऊस, आणि उसात बिबट्या असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे फोटोखालचा मजकूर ठरलेला असतो: ‘ताई, बिबट्याचं पिल्लू आहे का?’ कधीकधी तर थेट ‘वाघाचं’. मी वनखात्यात नोकरीला नाही. फडात सापडलेली पिल्लं आईकडे परत पोचवण्याच्या कामात वनरक्षकांना हातभार लावते, एवढाच माझा संबंध. पण त्या निमित्तानं मुकादम, ट्रॅक्टरवाले, रात्रीचं पाणी धरणारे, सगळ्यांकडे माझा नंबर गेलाय. येणाऱ्या फोटोंतली बरीचशी मांजरं गावातलीच निघतात. उरलेल्यांत बाऊल, म्हणजे रानमांजर, सगळ्यात जास्त. बिबट्याची पिल्लं त्या मानानं थोडी, आणि वाघाटी, म्हणजे अंगावर ठिपके असलेलं इवलंसं रानटी मांजर, त्याहून थोडी.

दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

मोठं दिसलं म्हणजे रानटी, असं नाही

‘केवढं मोठं होतं!’ हे वाक्य मी ऐकते आणि सोडून देते. तोडलेल्या फडात नजरेला धरायला काही नसतं. झाड नाही, भिंत नाही, माणूस नाही. अशा मोकळ्या रानात पन्नास पावलांवरचं मांजर शंभर पावलांवर आहे असं वाटलं, की डोळा त्याला आपोआप दुप्पट मोठं करतो. त्यात ते घाबरून अंग फुगवून उभं असलं तर बघायलाच नको.

शिवाय आपले बोकेही काही कमी नसतात. खच्ची न केलेला बोका वयात आला की त्याचे गाल सुटतात, मान जाड होते, कानांच्या कडा मारामारीत फाटतात. समोरून बघितलं तर चेहरा अगदी दांडगा दिसतो. साधं मांजर साडेतीन ते पाच किलोचं, पण खाऊन-पिऊन सुखी असलेला बोका सहा-सात किलोलाही जातो. आपल्याकडचं बाऊलही पुष्कळदा पाच-सहा किलोचंच असतं. म्हणजे वजनावरून दोघांत फरक करायला गेलं तर हाती काही लागत नाही. आणि वाघाटीचं काय करणार? पुरी वाढलेली वाघाटी ९०० ग्रॅम ते १६०० ग्रॅम भरते. जगातल्या सगळ्यात लहान रानटी मांजरांत तिची गणना होते, आणि आपल्या माजघरातलं मांजर तिच्या तिप्पट असतं.

तरीही उंची हवीच असेल तर ती डोळ्यानं न ठरवता काठीनं ठरवायची. माझ्या गाडीत बांबूची एक काठी असते, बरोबर एक मीटरची, दर दहा सेंटीमीटरला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. मांजर निघून गेल्यावर ज्यानं फोटो काढला त्याला तिथेच, त्याच फोनसह उभं करायचं. झूम होता तेवढाच ठेवायचा. दुसऱ्यानं काठी घेऊन मांजर होतं नेमक्या त्या जागी जायचं. जागा शोधायला फोटोतला बांधाचा दगड, ठिबकची नळी, उसाचा एखादा बुडखा, काहीही चालतं. काठी उभी धरून पुन्हा फोटो काढायचा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवायचे. खांद्यापाशी २५ सेंटीमीटरच्या आसपास भरलं तर घरचं मांजर. ३५ च्या पुढे गेलं तर बाऊल म्हणायला जागा आहे. पूर्ण वाढलेला बिबट्या साधारण ६० च्या घरात असतो, तो काठीच्या निम्म्याच्या वर जातो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण यानं गावातली अर्धी भीती तिथल्या तिथे उतरते.

ही युक्ती काही मी शोधलेली नाही. इंग्लंडात बॉडमिन मूर नावाच्या माळरानावर काळं अजस्र जनावर फिरतं असा गवगवा झाला, तेव्हा १९९५ मध्ये तिथल्या सरकारनं चौकशी लावली. अधिकारी चित्रफितींतल्या जागांवर गेले, मापाची काठी उभी केली आणि फितीतलं ‘जनावर’ साध्या मांजराएवढं निघालं. त्याच सुमारास तिथल्या नदीत एक कवटी सापडली. ती खरोखरच बिबट्याची होती! लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं तपासून सांगितलं की ती बिबट्याच्या कातड्याच्या गालिच्यातून आलेली आहे. कुणाच्या तरी दिवाणखान्यातला बिबट्या नदीत गेला होता.

शेपूट

फोटो आला की मी सगळ्यात आधी शेपटीकडे बघते. चेहरा नंतर.

घरच्या मांजराची शेपूट लांब असते, धडाच्या निम्म्याहून बरीच जास्त. उभ्या मांजराची शेपूट सैल सोडलेली असेल तर ती जमिनीपर्यंत पोचते किंवा पोचता पोचता वर वळते. बाऊलची शेपूट आखूड, धडाच्या जेमतेम ३५ ते ४० टक्के. मागच्या पायाला जो उलटा गुडघा दिसतो ना, तिथपर्यंत येऊन ती संपते. खाली बराच पाय मोकळा दिसतो. एवढी एक गोष्ट नीट दिसली तरी निम्म्याहून जास्त फोटोंचा निकाल लागतो.

शेपटीवरच्या कड्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. बाऊलच्या शेपटीला टोकाकडे काळी कडी असतात आणि टोक काळं असतं, पण पट्टेरी गावमांजरालाही कडी असतात, काळं टोक असतं. लांबी बघा, कडी नंतर. आणि हो, अपघातात तुटलेली शेपूट हा प्रकार आहेच. रस्त्याकडेच्या मांजरांत अर्धी शेपूट गेलेली पुष्कळ दिसतात. तुटलेली शेपूट टोकाला बोथट असते, काळं टोक नसतं, आणि त्या मांजराचे पायही गावमांजराचेच, म्हणजे आखूड असतात.

शेपटीची आणखी एक खूण आहे, ती फोटोपेक्षा प्रत्यक्षात उपयोगी पडते. एखादं मांजर शेपूट सरळ आभाळाकडे करून तुमच्याकडे आलं, तर ते माणसातलं मांजर. ही त्यांची ओळखीची, सलगीची पद्धत आहे. बाऊल तुमच्याकडे बघून असं कधी करणार नाही. ते एकदा थांबून बघेल आणि शेपूट खाली ठेवूनच उसात शिरेल.

पाय, कान, तोंड

मोठ्या चारीच्या भरावावर सकाळच्या उन्हात बाऊल उंदरांसाठी बसतं, ते मी कितीदा तरी बघितलंय. बसलेलं असताना खरंच साध्या मांजरासारखं वाटतं. मातकट रंग, वाळलेल्या पाचटात मिसळून जाणारा. मग कान फिरतात. मोठे, टोकदार, एकमेकांच्या जवळ बसवलेले, मागून तांबूस. टोकाला काळ्या केसांचा छोटासा झुबका, ऊन मागून असेल तरच दिसतो, नाहीतर नाही. बिळात खुडबुड झाली की ते उठतं, आणि उठल्यावर लगेच कळतं की हे काही आपल्या ओसरीवरचं नव्हे. पाय उंच. पोट जमिनीपासून वर. छाती खोल, कंबर बारीक. चार पाय एका जागी आणून ते सरळ वर उडी घेतं आणि पुढच्या दोन पायांवर उंदरावर उतरतं.

आमचे सासरे, अण्णा, चष्मा न लावताही लांबून सांगतात. त्यांना कान-शेपूट काही दिसत नाही, ते चाल बघतात. ‘गावची मांजर बांधाच्या कडंकडंनं जाती, बाऊल मधनंच जातंय,’ असं त्यांचं म्हणणं. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण अण्णांचं सहसा चुकत नाही. माझ्या मते त्यांना खरं तर उंच पायांची लांब ढांग दिसते.

तोंड जवळून दिसत असेल तर बाऊलचं नाक-तोंड थोडं लांबट वाटतं. डोळ्यांभोवती आणि ओठांवर फिकट पांढरट रंग असतो, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकाच्या बाजूनं गडद रेघ उतरते. पाठीवर मोठ्या जनावराला पट्टे-ठिपके दिसत नाहीत, फक्त पायांवर, वरच्या बाजूला, पुसट आडवे पट्टे राहिलेले असतात.

आता अडचण अशी की आपल्या गावांतून एक मांजर असं असतं जे हुबेहूब या वर्णनात बसतं. अंगावर पट्टा नाही, ठिपका नाही, नुसता मातकट-करडा रंग. एकेक केस बघितला तर त्याच्यावर फिकट-गडद टप्पे असतात, म्हणून लांबून अंग धुळीच्या रंगाचं दिसतं. पायांवर पट्टे, शेपटीवर कडी, कपाळावर ‘एम’सारखी खूण. ‘बाऊल सापडलं’ म्हणून येणाऱ्या फोटोंत सगळ्यात जास्त फसवतं ते हेच मांजर. रंगावरून त्याला ओळखायला जाल तर हमखास चुकाल. शेपटीची लांबी, पायांची उंची आणि कान किती मोठे व किती जवळ, या तिन्हींचं उत्तर एकाच बाजूला येतंय का ते बघा. दोन इकडे, एक तिकडे असं आलं तर दुसरा फोटो मागा. एका फोटोवरून पैज लावू नये.

रंग कधी कामाला येतो

बाऊल सिद्ध करायला रंग उपयोगी नाही, पण घरचं मांजर सिद्ध करायला फार उपयोगी आहे. चारही पायांत पांढरे मोजे, छातीवर पांढरा डाग, तोंडावर एकाच बाजूला पांढरं: घरचं. पांढऱ्याची कड बघा. बाऊलच्या हनुवटीचं पांढरट अंगाच्या रंगात हळूहळू विरत जातं, घरच्या मांजराचा पांढरा डाग मात्र चुना फासल्यासारखा कडेला तुटक असतो. तांबडं-नारिंगी मांजर, तीनरंगी मांजर, राखी-निळसर मांजर, निळ्या डोळ्यांचं मोठं मांजर: सगळी घरची. एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर प्रश्नच मिटला. भटक्या मांजरांची नसबंदी झाली की ओळखीसाठी कानाला तसं करतात.

काळ्या रंगाचं तेवढं जपून. ठार काळं बाऊल भारतात आढळलेलं आहे. अर्थात काळं मांजर दिसलं तर ते जवळजवळ नेहमी गावातलंच असतं, पण निकाल शेपूट आणि पायांवरून द्यायचा.

रात्रीच्या कॅमेऱ्याबद्दल इथेच सांगते. गोठ्यावर लावलेल्या सीसीटीव्हीत किंवा झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात रात्री अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश असतो. त्यात सगळं करडं दिसतं, तांबडं मांजर पांढरट होतं, पुसट ठिपके गायब होतात आणि डोळे दिव्यासारखे चमकतात. डोळे चमकले म्हणून बिबट्या असं होत नाही, प्रत्येक मांजराचे चमकतात. गोठ्याच्या सीसीटीव्हीत एक सोय मात्र आहे: जनावर गव्हाणीजवळून गेलं असेल तर गव्हाणीची उंची आपल्याला माहीत असते. काठीसुद्धा लागत नाही.

ठिपकेवाली

ठिपके दिसले की लोकांचे हातपाय गळतात. ठिपक्यांची चार-पाच जनावरं लक्षात ठेवली की पुरे.

गावमांजरातही ठिपकेवाली असतात. पट्टे तुटून ठिपके झालेले असतात, त्यामुळे ते पट्ट्यांच्या ओळीतच पडतात, आणि शेपूट लांब, कडीवाली असते.

वाघाटीचं अंग करडं-तपकिरी आणि त्यावर गंजाच्या रंगाचे बारीक ठिपके, ओळीनं. पोट पांढरं, त्यावर गडद ठिपके. डोळ्यांच्या आतल्या बाजूनं कपाळाकडे जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा ठळक, डोक्यावरून मानेकडे जाणाऱ्या गडद रेघा. कान लहान आणि गोलसर. शेपटीवर स्पष्ट कडी नसतात. मोठी वाघाटी बघून लोक तिला पिल्लू समजतात, तिथेच घोळ होतो. मांजराच्या पिल्लाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, कान डोक्यावर ठेवल्यासारखे, चाल अडखळती. एवढंसं जनावर जर सराईतपणे झाडावर चढलं, तोल सांभाळून फांदीवरून गेलं, तर ते पिल्लू नाही, पूर्ण वाढलेली वाघाटी आहे. ही जात फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळात सापडते. जंगलातच राहते असं नाही, शेताच्या कडेला, जुन्या पडक्या घरातही राहते.

बिबट मांजर आमच्या पट्ट्यात दिसत नाही, ते सह्याद्रीच्या दाट झाडीतलं. घरच्या मांजराएवढं, पण पाय उंच, ठिपके ठळक काळे, आणि गोलसर काळ्या कानांच्या मागे पांढरा टिपका. शहरातल्या लोकांनी मात्र बंगाल जातीचं पाळीव मांजर ध्यानात ठेवावं. ती जात बिबट मांजर आणि घरचं मांजर यांच्या संकरातून अमेरिकेत तयार केलेली आहे, त्यामुळे ठिपके पाहून गोंधळ होणारच. सोसायटीच्या जिन्यात ‘बिबट्याचं पिल्लू’ बसलंय आणि खायला दाखवल्यावर पायाशी घासतंय, तर ते कुणाच्या तरी घरातून निसटलेलं महागडं मांजर आहे.

आणि बिबट्याचं पिल्लू. याचे पंजे बघा. अंगाच्या मानानं पंजे बेढब मोठे आणि पाय जाड असतात. शेपूटही जाड, मुळापासून टोकापर्यंत दोरखंडासारखी. कान लहान, पूर्ण गोल, मागून काळे-पांढरे. अगदी नवजात पिल्लाच्या अंगावर ठिपके इतके दाट असतात की सगळं अंग काळपट-करडं दिसतं, मग हळूहळू त्यांची फुलं उमटतात. मोठ्या बिबट्याची बाहुली उजेडात गोल राहते, मांजरांची आणि बाऊलची उभ्या फटीसारखी होते. ही खूण खरी, पण ती बघायला जवळ जायची गरज नाही! फोटो मोठा करून दिसली तर दिसली.

बाऊलची लहान पिल्लंही पट्ट्या-ठिपक्यांची असतात, साधारण सहा महिन्यांत ते ठिपके पुसट होत जातात. फडात सापडणाऱ्या ‘बिबट्याच्या पिल्लां’त हीच जास्त. पंजे बारीक आणि कान टोकदार असले, की बिबट्या नाही एवढं पक्कं. पण बाऊलचं आहे की गावमांजरीचं, हे दहा-बारा दिवसांच्या पिल्लावरून ठरवणं जाणत्यालाही अवघड जातं, आणि ठरवायची घाईही नसते. का, ते पुढे सांगते.

कॅराकल या आणखी एका रानटी मांजराचा उल्लेख केवळ व्हॉट्सॲपसाठी. कानावर झुबके दिसले की कुणीतरी ‘हा कॅराकल’ असं छातीठोक लिहितो. कॅराकल आज भारतात कच्छ-राजस्थानच्या बाजूला कसाबसा टिकून आहे. त्याचे झुबके लांबच लांब, काळे असतात, कान मागून पूर्ण काळे असतात आणि शेपटीला एकही कडं नसतं. कडं दिसलं की विषय संपला.

उदमांजर आणि जवादी मांजर ही नावाला मांजरं, कुळ वेगळं. तोंड मुंगसासारखं निमुळतं, पाय आखूड, शेपूट जवळजवळ धडाएवढी. माळ्यावर रात्री धावतं ते बहुतेक उदमांजर.

ठसे

मांजर-कुळातली जवळजवळ सगळी जनावरं नख आत घेऊन चालतात, म्हणून ठशात चार बोटं दिसतात, नखं नाहीत. कुत्र्या-कोल्ह्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टिपके असतात. मागच्या मोठ्या गादीला मांजर-कुळात खालच्या बाजूनं तीन फुगवटे असतात, तेही बघून ठेवा. रुंदी मोजा: घरच्या मांजराचा ठसा तीन-साडेतीन सेंटीमीटर, बाऊलचा साडेचार-पाचच्या आसपास, मोठ्या बिबट्याचा सातच्या पुढे. पाणी दिलेल्या सरीतल्या चिखलात ठसा पसरून मोठा होतो, तिथलं माप धरू नका. रस्त्यावरच्या फुफाट्यातलं किंवा घट्ट ओल्या मातीतलं धरा. फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवा आणि फोन अगदी सरळ वरून धरा. तिरका धरला की माप वाया.

जिथे फोटोनं भागत नाही

बाऊल आणि गावमांजर यांचा संकर होऊ शकतो. चाउसी नावाची पाळीव जात तर मुद्दाम तशीच केलेली आहे. त्यामुळे एखाद्या मांजराची शेपूट मधलीच, पाय मधलेच असं दिसलं तर ‘नक्की सांगता येत नाही’ हेच उत्तर. स्कॉटलंडमध्ये तिथली रानटी मांजरं आणि भटकी घरची मांजरं इतकी मिसळली आहेत की तिथल्या शास्त्रज्ञांना अंगावरच्या सात खुणांना गुण देऊन बेरीज करायची पद्धत काढावी लागली, आणि तरी शेवटी डीएनए तपासावा लागतोच. आपण बांधावर उभे राहून त्यापेक्षा हुशारी दाखवू नये.

पिल्लं सापडली तर

कोयता थांबवायचा. पिल्लं आहेत तिथल्या दोन-चार सऱ्या तशाच उभ्या ठेवायच्या आणि टोळीला फडाच्या दुसऱ्या टोकाला लावायचं. मुकादम कुरकुरतो, कारण ट्रकची पाळी असते, पण दुसऱ्या टोकाला तोडायला ऊस असतोच. पिल्लं बिबट्याची असण्याची थोडी जरी शंका असली तर माणसं, विशेषतः लहान मुलं, तिथून ताबडतोब लांब न्यायची, कारण आई त्याच फडात असू शकते. मग वनपरिक्षेत्र कार्यालयाला किंवा १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करायचा.

गोणीत भरू नका. गाईचं दूध पाजू नका, पिल्लांना हगवण लागते आणि त्यातच ती जातात. ‘माणसाचा हात लागला की आई घेत नाही’ यात तथ्य नाही. आमच्या भागात बिबट्याची पिल्लं संध्याकाळी सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि अंधार पडल्यावर मादी येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर त्याआधी पिल्लं तपासून घेतात. बाऊलचंही असंच करायचं. तोड झालेल्या ठिकाणी सावलीला, पाचटाखाली, सापडली तिथून जितकं जवळ जमेल तितकं ठेवायचं आणि सगळ्यांनी तिथून निघायचं. आपण बघत उभे राहिलो तर ती येत नाही.

आता कळलं असेल, पिल्लू बाऊलचं की गावमांजरीचं हे ठरवायची घाई का नसते ते. दोन्हीकडे करायचं तेच आहे: जागच्या जागी ठेवा, आईला येऊ द्या. रात्र जाऊनही कुणी आलं नाही, पिल्लं गार पडली, तरच उचलायची वेळ येते, आणि तेव्हा वनखात्याचा माणूस सोबत हवा. बाऊल, वाघाटी, बिबट मांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ‘गोड आहे, सांभाळतो’ म्हणून घरी नेणं हा गुन्हा ठरतो. आणि एक अगदी घरगुती सूचना: रानातली पिल्लं आणि घरची पिल्लं एका खोक्यात कधी ठेवू नका. घरच्या मांजरांचे रोग त्यांना लागतात.

फोटो पाठवताना

आडवा, बाजूनं काढलेला, शेपटीसकट. तोंडाचा जवळून काढलेला सुंदर फोटो माझ्या काही कामाचा नाही. व्हिडिओ असेल तर फारच छान, दहा सेकंदांचा असला तरी चालेल, चाल दिसते. स्क्रीनशॉट नको, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप सगळे ठिपके खाऊन टाकतं. कुठल्या शिवारात, किती वाजता, आसपास वस्ती किती लांब, हे लिहा. जनावर अजून तिथेच बसलेलं असेल तर आणखी जवळ जाऊन दुसरा फोटो काढू नका. काठी घेऊन नंतर जाऊ.

आणि स्टेटसला टाकायचंच असेल तर शिवाराचं नाव गाळा. ‘अमुक वस्तीवर बिबट्या’ असं एकदा फिरलं की संध्याकाळपर्यंत मोटारसायकलींची रांग लागते, पोरं उसात फटाके फोडतात, आणि बिचारी वाघाटी असली तरी ती रात्री पिल्लांकडे येऊ शकत नाही.